छतातले स्पीकर आणि आकाराममामांचा माइक

कोल्हापुरात ‘डीजे’ हा शब्द उच्चारला की समोरचा माणूस आधी आपल्या खिडकीच्या काचांकडे बघतो. त्यामुळे आमच्या लेकीच्या, अनुजाच्या साखरपुड्यात डीजे मी स्वतः होणार, असं मी अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं, तेव्हा जी शांतता पसरली तिला मी आदर समजलो. ही माझी पहिली चूक. पुढच्या चुकांना मी क्रमांक दिलेले नाहीत.

मी एका सहकारी बँकेत पासिंग ऑफिसर आहे. वय चोपन्न. चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी जुळते का हे बघण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. डीजे तरी दुसरं काय करतो? एका गाण्याची लय पुढच्या गाण्याशी जुळते का बघायचं, जुळली की पास करायचं. हे मी कालिंदीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, शांतपणे समजावून सांगितलं.

“बँकेत चुकलं तर चेक परत जातो,” ती कांदा चिरताना म्हणाली. “हितं पावणं परत जातील.”

दोन तबकड्यांचं एक छोटं यंत्र मी घेतलं होतं आणि चार महिने बेडरूममध्ये सराव करत होतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सगळं हेडफोन लावून. त्यामुळे माझी कला घरात कुणी ऐकलेली नव्हती. फक्त बघितलेली होती. बनियनवरचा एक पोक्त माणूस दार लावून, घाम गाळत, मान हलवत तबकड्या फिरवतो आहे आणि खोलीत चिडीचूप, हे दृश्य धुणंभांडी करणाऱ्या चिमणाबाईंनी एकदा पाहिलं. त्यानंतर त्या आठवडाभर कालिंदीकडे माझ्या तब्येतीची चौकशी करत होत्या.

पण अनुजाचा माझ्यावर विश्वास होता. निदान तिनं तसं दाखवलं. “पप्पा, बाकी दोन तास तुम्हाला काय वाजवायचं ते वाजवा,” ती म्हणाली. “मी काय बोलणार न्हाई. पण मी आणि विश्वजित नाचणार ते गाणं मधे थांबायचं न्हाई. तीन मिनिटं चाळीस सेकंद. एकदा पण न्हाई.”

विश्वजित म्हणजे होणारे जावई. नोकरीला बेंगळुरूत. मुलगा सोन्यासारखा, पण नाचाच्या बाबतीत पाय त्याचे आणि विचार दुसऱ्याचे, असा प्रकार होता. अनुजानं दीड महिना रोज व्हिडिओ कॉलवर त्याला एकेक स्टेप शिकवली होती. त्यानं ती पाढ्यासारखी पाठ केली होती, आणि पाढा मधेच कुणी तोडला की पोरगं जसं पुन्हा एकपासून सुरू करतं, तसं त्याचं व्हायचं. म्हणून न थांबण्याची अट.

आता खरं सांगतो. दहावीनंतर अनुजानं माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. जे मागायचं ते ती आईकडे मागायची आणि माझ्याकडे फक्त सही घ्यायला यायची. आता लग्न झालं की ती बेंगळुरूला जाणार. त्याआधी पोरीनं बापाकडे मागून मागितलं काय, तर तीन मिनिटं चाळीस सेकंद. ती मी देणार होतो. ती देता आली नाहीत तर मी स्वतःला तोंड दाखवू शकलो नसतो.

हॉल कालिंदीनं ठरवला. एका हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर, एसी, शेजारीच जेवणाचा हॉल, खाली पार्किंग. मी माझं यंत्र कुठं मांडायचं ते बघायला गेलो, तर मॅनेजर धैर्यशील यांनी मला वर बघायला सांगितलं.

“साहेब, बाहेरचे स्पीकर आणायचे न्हाईत. आमचे छतात हाईत.”

वर पीओपीमध्ये चोवीस गोल पांढऱ्या जाळ्या होत्या. त्यांतल्या एका जाळीखाली उभं राहून मी नुकताच, एसी छान आहे, असं म्हणालो होतो.

संध्याकाळी ही बातमी शेजारच्या अमरसिंहना सांगितली. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती उभ्या करणं हा त्यांचा धंदा. आमच्या मजल्यावर राहतात, पण बोलतात ते चौकात उभं राहिल्यासारखं. “छतात?” ते ओरडले. “बंडूशेट, आवाज छातीत बसाय पायजे. त्यो छतातला आवाज म्हंजे दवाखान्यात नंबर लागूस्तवर वाजतोय त्यो. त्येच्यावर माणूस नाचत न्हाय, बीपी तपासून घेतोय.” मग त्यांनी मला एक बहुमोल सल्ला दिला: “आन काय बी असू दे, चौकीत अर्ज देऊन ठेवा. नाव डीजे हाय न्हवं? उगं लफडं नको.”

मी कायदा पाळणारा माणूस. गेलो.

“डॉल्बी हाय काय?” हवालदारांनी विचारलं. आमच्याकडे कसलाही मोठा आवाज असला की त्याला हेच नाव आहे.

“नाही. छतातले स्पीकर आहेत.”

त्यांनी एक छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता : ध्वनिक्षेपकाचे तोंड कोणत्या दिशेस. मी प्रामाणिकपणे ‘खाली’ असं लिहिलं. हवालदारांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“साहेब, पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. खाली ही दिशा न्हाय.”

“पण ते खालीच आवाज सोडतात हो.”

“मग भिंतीला लावा की आडवं.”

हॉटेलचं छत काढून भिंतीला लावणं माझ्या अधिकारात नव्हतं. अर्धा तास आमची भौगोलिक चर्चा झाली. शेवटी त्यांनी विचारलं, “आवाज रस्त्यावर येतोय काय?” मी म्हटलं, “शेजारच्या खुर्चीवर आला तरी नशीब.” तेव्हा त्यांनी अत्यंत कनवाळू चेहऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, ‘दिशा : चारी’ असं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि शिक्का मारला. तो कागद मी लॅमिनेट करून घेतला. कुणीही तो मागितला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

गुरुवारी चाचणी. भिंतीत एक भोक होतं, त्यावर ‘म्युझिक’ अशी चिठ्ठी. त्यात माझी पिन घातली आणि मी पहिलं गाणं सोडलं. तबला आला, बासरी आली, गायक आलाच नाही. अमरसिंह मदतीला सोबत आले होते. त्यांनी भोकात डोकावून सांगितलं, “ह्यात एकाच बाजूचा आवाज जातोय. गायक दुसऱ्या बाजूला ऱ्हायला.” त्यांनी खिशातून एक जोडपिन काढली, दोन्ही बाजू एकत्र केल्या आणि गायक सापडला. तोही एकाच वेळी हॉलमध्ये, जेवणघरात, लॉबीत, पार्किंगमध्ये आणि दोन्ही बाथरूममध्ये. कारण सगळ्या जाळ्या एकाच तारेवर होत्या.

इथवर मी खूश होतो. मग धैर्यशील सहज, निरोप द्यावा तसं म्हणाले, “आणि साहेब, माइकवर आवाज आला की गाणं आपोआप बंद हुतंय बरं का. माइक गप झाला की सात सेकंदांनी आपोआप चालू.”

“का?”

“सेफ्टी. आग लागली तर सूचना ऐकू याय पायजे का नको?”

“आजवर लागली?”

“न्हाय. पण आडवी गाडी लावलेली काढा म्हणून दर धा मिन्टाला सांगाय लागतंय.”

मी म्हटलं, ठीक, माइक बंद करून ठेवू. माइकच्या बटणावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. लोक बटणाशी चाळा करतात म्हणून ते कायमचं चालू ठेवून बांधून टाकलेलं. पट्टी काढू लागलो तर त्याखालचं बटणच तुटलेलं निघालं. सेल काढले. तर छतातून असा काही खरखराट सुरू झाला, की यंत्रणेला तो माणसाचाच आवाज वाटला आणि गाणं बंद ते बंद. सेल परत घातले. मुख्य यंत्रातूनच ही सेफ्टी काढावी, तर ते एका लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली मालकांकडे, मालक गगनबावड्याला शेतावर. तिथं पाऊस लागला की मोबाइलची रेंज जाते, आणि तिथला पाऊस थांबल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

“साहेब, साखरपुड्यात माइकवर कोण बोलणार हाय?” धैर्यशील म्हणाले. आणि मी, कोल्हापुरात चोपन्न वर्षं काढलेला माणूस, म्हणालो, “तेही खरंच.”

आकाराममामा मला आठवलेच नाहीत.

आकाराममामा म्हणजे कालिंदीचे सख्खे मामा, मुक्काम गडमुडशिंगी, गावच्या दूध संस्थेचे निवृत्त सचिव. आमच्याकडे कुठलाही कार्यक्रम असो, आलेल्या प्रत्येक वजनदार पाहुण्याचं नाव हुद्द्यासकट माइकवरून घ्यायचं असतं. आजी हुद्दा नसेल तर माजी, माजी नसेल तर भावी. एखाद्याचं नाव राहिलं तर तो जेवून जातो, पण पुढच्या कार्याला येत नाही. हे नाव घेण्याचं काम नात्यातला एक माणूस न सांगता अंगावर घेतो. आमच्या नात्यात ते मामा. माइकशिवाय मामांना मी फक्त एकदा पाहिलं आहे, ते आजारी होते तेव्हा.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी यंत्रामागे उभा राहिलो. मुलीचा बाप म्हणून डोक्याला भगवा कोल्हापुरी फेटा, आणि डीजे म्हणून हेडफोन. फेटा बांधणाऱ्यानं कान फेट्यात घेतले होते. हेडफोन फेट्यावरून ताणून बसवला तर तो चिमट्यासारखा वर सरकायचा आणि तुऱ्यात अडकून राहायचा. शेवटी तो मी हनुवटीखालून उलटा लावला. तसा बसला, पण मान हलवली की गळा आवळायचा. मी निर्विकार चेहऱ्यानं पहिलं गाणं सोडलं. हळूहळू आवाज चढवला, सनई विरत नेली, ढोलकी आत घेतली, दोन लयी एकमेकींना अगदी सहीसारख्या जुळल्या, आणि—

“आपल्यात शिंगणापूरचे माजी उपसरपंच आलेले हाईत, त्यांचं मी स्वागत करतो!”

गाणं बंद. सात सेकंद शांतता. मग गाणं अशा ठिकाणी सुरू झालं की ढोलकी सनईच्या अंगावर पडली. मी सावरलं. पुन्हा जुळवलं.

“तसंच पतसंस्थेचे भावी संचालक...”

पहिल्या अर्ध्या तासात मी एकही गाणं शेवटापर्यंत नेऊ शकलो नाही. मामा दमले की धैर्यशील माइक घेऊन पांढऱ्या मोटारीचा नंबर सांगायचे. ते थांबले की मामा ताजेतवाने. लोक खुर्च्यांवर ओळीनं बसले होते, प्रत्येक घोषणेला टाळ्या देत होते, आणि मधल्या सात सेकंदांत माझ्याकडे असं बघत होते, की एवढा चांगला कार्यक्रम चाललाय आणि हा माणूस मधे मधे गाणी कशाला लावतोय.

इतक्यात ओल्या हातांनी एक गृहस्थ माझ्याकडे आले. “पावणं,” ते म्हणाले, “बाथरूममदी जरा हळू लावा की. मानसाला सुधरत न्हाय.” मी सांगितलं की सगळीकडे एकच आवाज आहे. “मग सगळीकडंच हळू लावा,” असा तोडगा काढून ते गेले. मागोमाग विश्वजितचे एक काका आले. खांद्यावर हात ठेवून आपुलकीनं म्हणाले, “डीजे, उपाशी ऱ्हाऊ नका. बँडवाल्यांच्या पंगतीला बसून घ्या, शेवटची हाय.” मी मुलीचा बाप आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, पण हेडफोननं गळा आवळला आणि नुसताच घरघर आवाज आला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

अनुजाच्या गाण्याला दहा मिनिटं राहिली. ती स्टेजच्या बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. शालूचा पदर बोटाला गुंडाळत होती. लहानपणी परीक्षेच्या दिवशी ती फ्रॉकचं टोक असंच गुंडाळायची. मी यंत्र सोडलं आणि मामांकडे गेलो.

“मामा, एवढं अनुजाचं गाणं होईपर्यंत बोलू नका.”

“मी बोलतोय कुटं?” मामा दुखावले. “नुसती नावं घेतोय.”

“चार मिनिटं, मामा. गाणं थांबलं तर पोरांचा नाच मोडतो.”

“आन नाव ऱ्हायलं तर सोयरीक मोडती, त्येचं काय? अजून शाहूवाडीचं पावणं यायचं हाईत. वाटंत हाईत ती.”

मी मामांच्या सत्काराचं आमिष दाखवलं. शाल, श्रीफळ, सगळं. मामा क्षणभर डळमळले, मग म्हणाले, “माजा सत्कार असला तर त्येची घोषणा कोण करणार? मलाच कराय लागंल.” शेवटी मी हात जोडले. फेटा, उलटा हेडफोन आणि जोडलेले हात, हे सगळं मिळून माझं ध्यान फारच केविलवाणं झालं असावं, कारण मामांचा आवाज एकदम खाली आला.

“घे बाबा,” ते म्हणाले आणि माइक माझ्या हातात दिला. “पोरीचा बाप हायस. पर तूच धर. खाली ठेवलास तर कोण बी उचलंल.”

हे अगदी खरं होतं. आमच्याकडे मोकळा पडलेला माइक आणि मोकळी पडलेली खुर्ची दोन मिनिटंही टिकत नाही. टेबलावर ठेवावा तर टेबलाच्या हादऱ्यानं गाणं थांबायचं. म्हणून मी माइक दोन्ही हातांत घट्ट धरला, छातीशी, तोंडाच्या खाली वीतभर, आणि एका बोटानं गाणं सोडलं.

गाणं सुरू झालं. विश्वजितनं पहिला पाय बरोबर टाकला. अनुजा हसली. लोकांनी खुर्च्या वळवल्या. चोवीस जाळ्यांतून तोच दवाखान्यातला आवाज येत होता, पण सलग येत होता. एक मिनिट झालं. मी श्वास नाकानं, अर्धा अर्धा घेत होतो. दुसऱ्या मिनिटाला शाहूवाडीचे पाहुणे दारात उभे राहिले. हॉलच्या त्या टोकाहून मामा दोन्ही हात हलवून मला खुणा करू लागले, आधी पाहुण्यांकडे बोट, मग माइककडे, मग आभाळाकडे. मी मान हलवली नाही. धैर्यशील एक नंबर लिहिलेली चिठ्ठी घेऊन आले. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. ते परत गेले. आयुष्यात इतक्या अधिकारानं मी कुणाकडे पाहिलेलं नाही, बँकेतसुद्धा नाही.

तीन मिनिटं झाली. आता फक्त चाळीस सेकंद.

अनुजानं गिरकी घेतली आणि माझ्याकडे बघितलं. गाणं चालू राहील ना, म्हणून नव्हे. नुसतंच बघितलं. ती फार सुंदर दिसत होती, आणि मला कळलं की ही आता खरंच जाणार.

मला हुंदका आला.

साधा हुंदका नव्हता. तीन मिनिटांचा दाबलेला श्वास त्याच्या मागे होता आणि हनुवटीखालून हेडफोनचा फास होता. तो माइकवर पडला आणि हॉल, जेवणघर, लॉबी, पार्किंग आणि दोन्ही बाथरूममध्ये सगळ्या जाळ्यांतून एकदम घुमला. गाणं बंद पडलं. विश्वजित एक पाय वर घेऊन तसाच उभा राहिला. जेवणघरातून कालिंदी हातात पापडाचं ताट घेऊन धावत आली. तिला वाटलं, खरंच आग लागली.

“सॉरी,” मी म्हणालो. तेही माइकवरच. म्हणजे सात सेकंद पुन्हा पहिल्यापासून.

मी तोंड मिटलं आणि मनात आकडे म्हणू लागलो. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. पाच. सहा. गाणं आलं. विश्वजितनं पाय खाली ठेवला आणि पाढा पहिल्या स्टेपपासून सुरू केला. अनुजा शेवटच्या कडव्यावर होती. दोघांची टक्कर झाली, ती हसायला लागली, त्या हसण्यानं मला दुसरा हुंदका आला आणि गाणं पुन्हा गेलं.

तेवढ्यात ते आपुलकीचे काका मोठ्यानं म्हणाले, “अरे, डीजे का रडतोय?” छतातून काहीच येत नव्हतं, त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. आणि माइक नसलेले मामा, ज्यांना खरं तर माइकची गरज कधीच नव्हती, तिथूनच गरजले, “त्यो डीजे न्हाय, पोरीचा बाप हाय त्यो!” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या अख्ख्या दिवसात हुद्दा सांगितल्यावर टाळ्या न मिळालेला मी एकटाच.

अनुजा स्टेजवरून खाली उतरली. मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. पोरीनं इतक्या वर्षांत एक गोष्ट मागितली होती आणि ती मोडणारा मामा नव्हता, मॅनेजर नव्हता, गगनबावड्याचा मालक नव्हता. मीच होतो. ती माझ्यासमोर आली, हनुवटीखालचा हेडफोन सोडवून तिनं बाजूला ठेवला आणि माझे माइकवरचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

“पप्पा,” ती म्हणाली, आणि ते पार्किंगपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं, “गाणं ऱ्हाऊ दे की. तुम्ही निवांत रडा. मी हितंच थांबतो.”

सात सेकंदांनी गाणं आपोआप सुरू झालं. मी पुन्हा बंद पाडलं.